मुलांची अॅलर्जी : आनुवंशिकता किती, परिसर किती?

तूर मळणीच्या दिवसांत एक शेतकरी माती परीक्षणाचा अहवाल घेऊन आमच्याकडे आले. तो समजावून झाल्यावर त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाच्या रक्ततपासणीचा. त्यात आयजीईचे प्रमाण बरेच वाढलेले होते. "मामाला दमा आहे. हे आईकडूनच आलं, असं घरात सगळे म्हणतात," ते म्हणाले. औषधोपचार हा आमचा विषय नव्हे. परंतु आनुवंशशास्त्राचे नियम पिकाला आणि माणसाला सारखेच, म्हणून हा लेख.

परक्या पदार्थांविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या प्रथिनांना प्रतिपिंडे म्हणतात. आयजीई हा त्यांतलाच एक प्रकार. परागकण किंवा धुळीविरुद्ध तयार झालेले आयजीई शरीरातील विशिष्ट पेशींना चिकटून राहते. तोच पदार्थ पुन्हा नाकात गेला की त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते व शिंका, डोळ्यांची खाज, धाप सुरू होते.

हे प्रमाण काही घराण्यांत जास्त आढळते. अमेरिकेतील आमिश या शेतकरी समाजाच्या ११ कुटुंबांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तातील आयजीईचा संबंध पाचव्या गुणसूत्राच्या एका भागाशी आढळला. आयजीई तयार करण्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनांची जनुके याच भागात आहेत. मात्र हा गुण वाटाण्याच्या उंचीसारखा एका जनुकावर ठरत नाही. ज्वारीच्या उत्पादनाप्रमाणे त्यामागे अनेक जनुके असतात. शिवाय गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीतले एक आईकडून, एक वडिलांकडून येते. मामाचा दमा दुर्लक्षून चालणार नाही, पण मळणीच्या धुळीने आपल्यालाही लहानपणापासून शिंका येतात, हे त्या गृहस्थांनी विचारल्यावरच सांगितले!

एकच वाण दोन जमिनींत वेगळे उत्पादन देते, हे आपण जाणताच. २०१६ मध्ये आमिश आणि हटराइट या अमेरिकेतील दोन शेतकरी समाजांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचे मूळ युरोपातले, आनुवंशिक ठेवण बरीच सारखी. आमिश घोड्यांनी शेती करतात, गोठा घराजवळ असतो. हटराइटांची शेती मोठी, यांत्रिक आणि सामुदायिक. शाळकरी मुलांत दम्याचे प्रमाण आमिशांत सुमारे ५ टक्के, तर हटराइटांत सुमारे २१ टक्के होते. आमिश घरांतील धुळीत जिवाणूंचे अंश जवळजवळ सातपट होते. लहान वयातच अशा संपर्काने रोगप्रतिकारशक्तीला वळण लागते, असे मानले जाते.

यावरून धाप लागणाऱ्या मुलाला गोठा झाडायला पाठवू नये. तो संपर्क तान्हेपणापासूनचा होता. अॅलर्जी जडल्यावर तीच धूळ त्रास वाढवते.

आणखी एक गोष्ट कागद पाहून घाबरणाऱ्यांसाठी. पोटातील जंतांमुळेही आयजीई वाढते. त्यामुळे केवळ एका आकड्यावरून दमा ठरवता येत नाही. मुलाला होणारा त्रास आणि अहवाल डॉक्टरांनी एकत्र पाहावा लागतो. जंत आहेत का, हेही त्यांना विचारावे.

आपल्या हाती राहतो तो परिसर. मळणी यंत्र चालू असताना मुलाला भुशाच्या वाऱ्यात उभे करू नये. घराभोवतीचे गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे. उपटताना हातमोजे घालावेत, नाकातोंडाला कापड बांधावे, आणि हे काम मुलांना सांगू नये.