बुरशी आलेले धान्य : ओळख आणि विल्हेवाट



लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांवर आपण या पानात नेहमी बोलतो. या खेपेस विषय घरातला आहे. मागील पावसाळ्यात एक सभासद गट ऑफिसला अर्धे पोते मका घेऊन आले. खळ्यावर भिजलेली कणसे तशीच भरून ठेवलेली, दाण्यांवर हिरवट-पिवळी भुकटी धरलेली. त्यांचा प्रश्न सरळ होता, "साहेब, माणसाला नको, पण म्हशीला चालंल का?"

हाच प्रश्न वीसेक वर्षांपूर्वी, मी नोकरीत नवा असताना, एकाने विचारला होता. तेव्हा "दोन उन्हं द्या आणि घाला" असे सांगून मी मोकळा झालो. पदविकेला उसावरच्या बुरश्या पाठ केल्या होत्या, कणगीतल्या बुरशीकडे कधी लक्ष दिले नव्हते. त्या घरची दोन वासरे खंगून गेली. मक्यानेच गेली असे कुणी सिद्ध केले नाही. पण डॉक्टरांनी मका बंद करायला लावला आणि बाकीची जनावरे सावरली. मला काय समजायचे ते समजले.

आता ओळखीचे बघू. कांद्यावर काजळीसारखी असते ती काळी बुरशी. लिंबावर, पावावर निळसर-हिरवी येते. पावावरच कापसासारखी पांढरी येऊन तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात, ती आणखी वेगळी. पावसात सापडलेल्या ज्वारीवर, मक्यावर गुलाबी-पांढरट छटा असते. शेंगदाण्यावर आणि मक्यावर हिरवट-पिवळी दिसली तर जास्त सावध व्हावे, कारण अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करणारी बुरशी बहुधा अशीच दिसते. परंतु रंग हा फक्त इशारा आहे. एकाच रंगाच्या अनेक बुरश्या असतात, आणि कोणती विषारी हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. शिवाय वरची बुरशी पुसली, झटकली तरी विष दाण्यात राहते. म्हणून अनोळखी बुरशी ही विषारीच धरून चालावे.

यात अतिशयोक्ती नाही. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या भागांत अवेळी पावसात भिजलेला मका लोकांनी नाइलाजाने खाल्ला. दीडशेहून अधिक गावांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याचा आजार पसरला आणि शंभरावर माणसे दगावली. त्याच घरांतली भाकरी खाणारी कुत्रीही मेली. 1995 साली दख्खनच्या पठारावर कर्नाटक-आंध्रातील काही गावांत पावसाने काळवंडलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. दोन्ही ठिकाणी खाणारी माणसे गरीब होती. पोते फेकून द्या असे सांगणे सोपे असते, ते फेकणाऱ्याला जड जाते, याची मला जाणीव आहे.

"भाजलं, शिजवलं की मरतंय सगळं" असे घरोघरी ऐकू येते. बुरशी मरते हे खरे. अफ्लाटॉक्सिन मात्र चुलीच्या नेहमीच्या आचेला पुरते नष्ट होत नाही. आणि जनावराला घातले तर त्यातला काही भाग दुधात उतरतो, दूध उकळूनही तो जात नाही. म्हणजे म्हशीला घातलेला मका फिरून आपल्याच पोराच्या पेल्यात येतो. शेंगदाण्याच्या पेंडीलाही हेच लागू आहे. पेंड ढेकूळ बांधलेली, कुबट वासाची असेल तर स्वस्त म्हणून घेऊ नये.

बाजरीतला अरगट त्यातल्या त्यात बरा, कारण तो वेगळा करता येतो. काळपट, दाण्याहून लांबट असे ते खडे असतात. 20 टक्के मिठाच्या पाण्यात बाजरी टाकून ढवळली की अरगट आणि हलके दाणे वर तरंगतात. ते काढून पुरून टाकावेत. खालची बाजरी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन वाळवावी. हे पाणीही जनावरांपुढे ठेवू नये.

आता आपल्या उसाचे. उत्तर चीनमध्ये दक्षिणेकडून आलेला खाण्याचा ऊस थंडीभर साठवून वसंताच्या सुमारास विकत. त्यात वाढलेल्या बुरशीच्या विषाने 1970 आणि 1980 च्या दशकांत कितीतरी मुलांना उलट्या, झटके आणि बेशुद्धी आली, काही दगावली, काही जन्माची अधू झाली. आपण ताजा ऊस खातो म्हणून वाचतो. तरी जत्रेतून आणलेली मोळी आठवडे कोपऱ्यात पडते, हेही खरे. कांडे फोडल्यावर गर तांबूस-तपकिरी दिसला, आंबूस किंवा दारूसारखा वास आला, तर चघळू नये, मुलांना तर मुळीच देऊ नये. आपल्याकडच्या लाल कुजीतही गर लालच होतो, त्यात आडवे पांढरे पट्टे असतात. पण खाताना ही लाल कूज की दुसरे काही, अशी परीक्षा घेत बसण्याचे कारण नाही.

हाताळताना पहिली चूक आपण करतो ती वास घेण्याची. डबा उघडला की नाक आत! बुरशीची भुकटी श्वासातून छातीत जाते. दम्याच्या माणसाने आणि लहान मुलांनी तर तिथे उभेच राहू नये. कारखान्यातला जुना, ओलसर, बुरसटलेला बगॅस हलवणाऱ्यांना काही तासांनी ताप, खोकला, धाप लागते, त्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. त्यात मुख्य दोष बुरशीसारख्या वाढणाऱ्या एका जिवाणूचा, पण धडा तोच. आच्छादनाला जुना बगॅस नेणाऱ्या सभासदांनी पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावूनच भरावा. नुसते उपरणे बारीक धूळ अडवत नाही.

बुरसटलेले पोतेही असेच. घरात चाळू-पाखडू नये. बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, हलके पाणी मारून, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून उचलावे आणि गोठा, विहीर, कोंबड्यांपासून दूर दोन फूट खड्ड्यात पुरावे. उकिरड्यावर उघडे टाकले तर कोंबड्या आधी पोचतात. पोते पुन्हा धान्याला वापरू नये. कणगी रिकामी करून कडक उन्हात तापवावी. भाकरी, पाव, भात, चटणी, लोणचे यांवर बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाली चांगले आहे असे मानू नये, सगळेच टाकावे. लोणच्याच्या बरणीपायी आमच्या घरी यावरून भांडण झालेले आहे आणि बरणी गेलेली आहे.

मुळात बुरशी ओलीमुळे येते. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे, मक्याचा दाणा दाताखाली कट्‌ करून फुटला पाहिजे. तोवर पोते शिवू नये. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवावीत.

शंकास्पद धान्य खाल्ल्यावर उलटी, कावीळ, झटके असे काही दिसले तर घरगुती उपायात वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि राहिलेले धान्य बंद पिशवीत बरोबर न्यावे. नुसती शंका असेल तर मूठभर नमुना दोन पिशव्यांत गाठ मारून, वर चिठ्ठीवर नाव, गाव आणि धान्य कधी भरले ते लिहून गट ऑफिसला द्यावा. प्रयोगशाळेत कुठे पाठवायचा ते आम्ही सांगू. पिशवी ऑफिसात उघडून दाखवू नये.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग