आईची आठवण कशी ठेवावी?

(घरगुती प्रार्थनासभेसाठी पाठ)

वाचन : २ तीमथ्य १:३–५, ३:१४–१५, प्रेषितांची कृत्ये १६:१–३

आई किंवा आजी प्रभूमध्ये झोपी गेली की घरी स्मरणार्थ उपासना होते. लेकी, सुना, नातवंडे जमतात. तिची माया, तिचे कष्ट, तिच्या हातची चव यांच्या गोष्टी निघतात. हे योग्यच आहे. पण उपासना संपून सतरंज्या गुंडाळल्यावर तिचे आपल्यापाशी काय उरते, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

लोईसचे नाव पवित्र शास्त्रात एकदाच येते. तिचे वय, स्वभाव, मृत्यू यांविषयी एक अक्षरही नाही. पौल सांगतो ते एवढेच, की जो विश्वास प्रथम आजीत होता तो आई युनीके हिच्यात आला आणि आता तीमथ्यात आहे. ते घरही सोपे नव्हते. आई यहूदी, बाप हेल्लेणी. तरीही बाळपणापासून मुलाला शास्त्राची ओळख होती, आणि ती घरातूनच झाली.

धार व देवास येथील मराठी घरांना हे चटकन समजेल. पवारांच्या राज्यांबरोबर मराठी माणसे येथे स्थिरावली. आज शाळेत हिंदी, बाजारात माळवी; मराठी उरली ती घरात. मुलाच्या कानी मराठी प्रार्थना पडते ती बहुधा आजीच्या तोंडून. आजी गेली की तो आवाज थांबतो. मग पुढे कोण?

याचे उत्तर आपल्याच मंडळीतील एका घराने दिले आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतर झाली. पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, स्वतःची खात्री पटल्यावर तो घेतला. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. या बाईंनी पुढचे अध्याय रचले. पुढे त्यांची ‘स्मृतिचित्रे’ अपुरी राहिली, तेव्हा शेवटचा भाग मुलगा देवदत्त यांनी पुरा केला. नंतर नातू अशोक यांनी आजीच्या त्या ग्रंथाचे संपादन केले. प्रत्येकाने मागच्याचे राहिलेले काम हाती घेतले. त्या घरात आठवण ठेवणे म्हणजे हेच होते.

आपल्या आईने ग्रंथ लिहिला नसेल. पण ती रोज काही नावे घेऊन प्रार्थना करीत असे. कोणा आजाऱ्याकडे जात असे. रुसलेल्या दोन घरांत ये-जा ठेवीत असे. ही कामे तिच्याबरोबर पुरली जाऊ नयेत. तिच्या स्तुतीला एक संध्याकाळ पुरते. तिची जागा चालवायला मात्र कोणीतरी रोज उठावे लागते.

आणि जिची आजी आज हयात आहे, तिने वाट पाहू नये. जवळ बसावे, विचारावे, वहीत लिहून घ्यावे.

विचारासाठी प्रश्न :

१. आपली आई किंवा आजी कोणाची नावे घेऊन प्रार्थना करीत असे? ती नावे आज कोण घेते?

२. तिचे कोणते काम अर्धवट राहिले आहे?

३. या आठवड्यात घरातील कोण ते हाती घेईल?