साहित्यातला घोडा आणि ठाणावरचा घोडा

वाङ्मयाच्या वाचकाला घोडा भेटतो तो बहुधा धावताना. समुद्रमंथनातून निघालेला उच्चैःश्रवा, अश्वमेधाचा श्यामकर्ण, पोवाड्यांतून टापांचा खडखडाट करीत जाणारी मराठी फौजेची घोडी, ही सारी चित्रे वेगाची आणि पराक्रमाची आहेत. कठोपनिषदाने तर इंद्रियांनाच घोडे म्हटले आणि मनाच्या हाती नव्हे, मनाच्याच रूपाने त्यांना लगाम घातला. हे घोडे सुंदर आहेत यात शंका नाही. परंतु त्यांतले बहुतेक कधी काही खात नाहीत. त्यांना नाल मारावे लागत नाहीत आणि त्यांचे पोटही दुखत नाही.

खरा घोडा मात्र दिवसाचा मोठा भाग खाण्यातच घालवतो. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, म्हणून त्याला थोडे थोडे आणि वारंवार खावे लागते. त्याला ओकारी करता येत नाही. त्यामुळे वैरण बाधली तर साधा वाटणारा पोटशूळही त्याच्या जिवावर बेततो. त्याचे खूर महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतात, तेव्हा दर ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे लागते. घोडा बांधण्याच्या जागेला ठाण म्हणतात. ज्या लेखकांनी या ठाणावरच्या घोड्याकडे पाहिले, त्यांच्या लेखणीतला घोडा अधिक जिवंत झाला, असे माझे मत आहे.

महाभारतातील नलोपाख्यानाचेच उदाहरण घ्या. बाहुकाच्या वेषातील नळ ऋतुपर्ण राजाच्या रथाला घोडे निवडतो ते अंगाने कृश असलेले. राजा रागावतो, असल्या घोड्यांनी एका दिवसात विदर्भ कसा गाठायचा असे विचारतो. बाहुक त्याला त्या घोड्यांच्या अंगावरील भोवऱ्यांची खूण पटवून देतो. रथ वाऱ्याच्या वेगाने जातो हे आपण विश्वासाने वाचतो, कारण त्याआधी तबेल्यात उभा राहून जनावर पारखणारा एक जाणकार आपण पाहिलेला असतो.

आपल्या इतिहासाच्या साधनांतही हे दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ ते १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांसाठी एक पखालजी व एक नालबंद. तलवारीबरोबर पाणी आणि नाल यांचाही हिशेब तेथे आहे. महाराजांनी मे १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना धाडलेले पत्र तर आपल्यापैकी प्रत्येकाने वाचावे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण मनास येईल तशी उधळू नका, नाहीतर घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथवर त्यांची नजर गेली आहे. घोडदळाचे सामर्थ्य वैरणीच्या गंजीत असते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १७६१ साली पानिपतावर काय झाले? रणांगणात उतरण्यापूर्वीच रसद तुटून माणसे आणि जनावरे उपासमारीने खचली होती.

परदेशी वाङ्मयातही दोन कृती या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. ॲना स्यूएल या इंग्रज लेखिकेने १८७७ साली ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी घोड्याच्याच मुखाने सांगितली, आणि ऐट दिसावी म्हणून घोड्याची मान ताणून बांधणाऱ्या लगामाविरुद्ध लोकमत जागे झाले. चेखॉव्हच्या १८८६ मधील कथेत मुलाच्या मृत्यूचे दुःख ऐकून घेणारा एकही माणूस एका गाडीवानाला मिळत नाही. शेवटी तो तबेल्यात जाऊन आपल्या घोडीला सारे सांगतो. घोडी गवत चघळीत असते. कारण त्या दिवशी दाण्यापुरतीही कमाई झालेली नसते. त्या चघळण्याने कथेतले दुःख खरे होते.

आता आपल्या भाषेकडे वळू. कवींचा घोडा धावत असला तरी आपल्या बोलीतला घोडा ठाणावरच उभा आहे. ‘पायबंद घालणे’ यातला पायबंद म्हणजे घोड्याचे मागचे पाय बांधण्याची दोरी. तोबरा म्हणजे त्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. ‘खोगीरभरती’ म्हणजे खोगिरात कोंबलेल्या चिंध्या. माझ्या वर्गात मी विचारले तेव्हा ‘खोगीरभरती’चा अर्थ साऱ्यांनी अचूक सांगितला, खोगीर मात्र कोणी पाहिले नव्हते. दोष मुलांचा नाही. त्यांच्या भोवतीचा घोडाच नाहीसा होत चालला आहे.

वास्तविक आपला जिल्हा गोदाकाठचा. या काठाला गंगथडी म्हणतात, आणि भीमथडीप्रमाणे गंगथडीची तट्टेही एके काळी नावाजलेली होती. आज परभणीत घोडा दिसतो तो मुख्यतः वरातीत. अशाच एका घोडेवाल्याशी मी मुद्दाम बोललो. तो म्हणाला, ‘‘सर, घोडं नाचतं चार महिने अन् खातं बारा महिने.’’ ज्वारीचा कडबा, भिजवलेला हरभरा, नाल, औषध यांचा खर्च त्याने बोटांवर मोजून दाखवला. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी कडबा महागतो, लग्नेही साधेपणाने होतात, आणि दोन्ही बाजूंनी त्याचीच कोंडी होते. घोडा विकावा तर पोट कशावर भरायचे, हा प्रश्न असतोच. स्वतःच्या घोड्यावर चाकरी करणाऱ्या जुन्या शिलेदाराचीही हीच चिंता होती. घोडा पडला की त्याची भाकरी गेली. घोड्याचे भोवरे, छातीवरचे देवमण, पंचकल्याणीची खूण हे सारे या घोडेवाल्याला तोंडपाठ आहे. नळाची विद्या म्हणतात ती हीच. पण त्याचा मुलगा या धंद्यात येणार नाही, आणि ती विद्या कोणी लिहूनही घेतलेली नाही.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावला मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते, तेथे घोड्यांचा बाजार असतो. दात पाहून वय सांगणारी माणसे तेथे अजून भेटतात. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आळंदीपर्यंत चालत येतात. रिंगणात माउलींचा अश्व स्वाराविना धावतो आणि वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. काव्यातला घोडा आणि ठाणावरचा घोडा तेथे एकरूप होतात. कारण रिंगण संपल्यावर त्याच अश्वापुढे कोणीतरी वैरण टाकतो.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी पोवाडा ऐकाल तेव्हा त्या टापांमागच्या नालबंदाची आठवण ठेवा. सुट्टीत गावी गेलात की आजोबांना खोगीर, पायबंद, तोबरा, खरारा हे शब्द विचारा आणि वहीत उतरवून घ्या. एखाद्या घोडेवाल्याजवळ तासभर बसा. आपल्या जिल्ह्याचे हे शब्दधन आणि त्यामागचे ज्ञान अजून काही माणसांच्या जिभेवर आहे. ती माणसे आहेत तोवरच ते टिपून ठेवता येईल; नंतर केलेली धावपळ म्हणजे वरातीमागून घोडे.