सात वारसांची वाटणी: संगणकाच्या हिशेबाला खर्च किती?

गटाचे क्षेत्र १ हेक्टर ६० आर, वारस सात. घोड-भीमेच्या बागायती पट्ट्यात, शिरूरला काय नि दौंडला काय, असा वाटणीचा कागद तयार करायला माणूस टायपिंगवाल्याकडे जातो. तो एक्सेलमध्ये १.६० ला सातने भागतो, पडद्यावर ०.२३ दिसते आणि तेच सातही नावांपुढे उतरते. बेरीज करा: १.६१. एक आर, म्हणजे जवळपास एक गुंठा, कागदावरच वाढला. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीलगत एवढ्यावरून भावकी कोर्टात जाते. खरा खर्च हा आहे.

बाकीचा किरकोळ. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये, शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक १०० रुपये. त्याची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. हिशेबाची साधने तर फुकटच: एक्सेलसारखे लिब्रेऑफिस कॅल्क आणि पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा.

हिश्श्यांची जुनी आणेवारी नेमकेपणाच्या बाबतीत हुशार होती. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. तिसरा हिस्सा बरोबर ५ आणे ४ पै. दशांशात तोच ०.३३३ करत कुठेतरी तोडावा लागतो. संगणक आतून दोनाच्या घातांत मोजतो, त्याला ०.१ देखील नेमका मांडता येत नाही. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारा, उत्तरात तिनानंतर पंधरा शून्ये आणि शेवटी चार येतो.

एक्सेलमधला ‘फ्रॅक्शन’ (अपूर्णांक) फॉरमॅट निवडून हे सुटत नाही. तो फक्त दिसण्यापुरता, आत दशांशच राहतो. पायथनसोबत २००८ पासून येणारे ‘फ्रॅक्शन्स’ मॉड्यूल मात्र अंश आणि छेद वेगवेगळे पूर्णांक म्हणून सांभाळते. तीन भावांपैकी एक वारला, मागे पत्नी आणि दोन मुले, तर त्यांचा प्रत्येकी हिस्सा १/९ येतो आणि १/९ च राहतो. एकच सावधगिरी: ०.१ हा दशांश थेट टाकलात तर आधीच बिघडलेला आकडा आत जातो. ‘१/१०’ अवतरणचिन्हांत द्या, किंवा १ आणि १० हे दोन आकडे सुटे द्या.

पूर्णांकात आणायचे ते अगदी शेवटी, एकदाच, आणि चौरस मीटरमध्ये. गटाच्या १६,००० चौरस मीटरला सातने भागले की प्रत्येकी २,२८५ आणि बाकी ५. म्हणजे पाच जणांना २,२८६, दोघांना २,२८५. कॅल्कमध्येही भागाकार आणि बाकी अशा दोन रकान्यांत हे जमते. ते दोघे कोण, हे मात्र घरात बसून ठरवा. प्रोग्रॅमवर सोपवू नका.

टायपिंगवाल्याला पैसे देण्याआधी हिश्श्यांच्या बेरजेची ओळ मागून घ्या. ती सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी चौरस मीटरपर्यंत जुळत नसेल, तर सही करू नका.