संगणकातील मोकळी जागा आणि छायाचित्रांचे संस्करण

१. काचेच्या तावदानापासून डिस्कपर्यंत

छायाचित्र काढणे हा एक भाग, ते जपून ठेवणे हा दुसरा. पहिल्याचे कौतुक होते. दुसऱ्याची आठवण बहुधा जागा संपल्यावरच होते. ही अडचण आजची नाही. दिल्लीजवळ मेरठ जिल्ह्यात सरधना नावाचे गाव आहे. तेथे १८४४ साली जन्मलेले राजा दीनदयाळ यांनी रुडकीस अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, इंदूरच्या नोकरीत असताना छायाचित्रणास आरंभ केला आणि तुकोजीराव होळकरांच्या उत्तेजनाने त्यात नाव मिळविले. त्यांच्या काळी प्रत्येक चित्र काचेच्या स्वतंत्र तावदानावर उतरे. हजार चित्रे म्हणजे हजार काचा; त्यांना पेट्या हव्यात, कपाटे हवीत, आणि कपाटांना खोली हवी. त्यांच्या काचांचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे.

संगणक आल्यावर पेट्या व कपाटे दृष्टीआड झाली, परंतु जागेचा प्रश्न मिटला नाही. आजोबांचे पिवळे पडलेले छायाचित्र स्वच्छ करावे म्हणून आपण संस्करणाची प्रणाली उघडतो आणि ‘स्क्रॅच डिस्क भरली आहे’ अशी सूचना येऊन काम थांबते. डिस्कवर तर दोनचार गिगाबाइट मोकळे दिसत असतात आणि चित्र अवघ्या दहा मेगाबाइटचे असते. मग जागा अपुरी पडते ती कशी? या प्रश्नाचे उत्तर समजून घेतले, म्हणजे जागा कोठून व कोणत्या क्रमाने मोकळी करावी हे आपोआप कळते.

२. चित्राचे खरे आकारमान

संगणकातील चित्र लहान लहान चित्रबिंदूंचे बनलेले असते. प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे प्रमाण नोंदावे लागते. साध्या नोंदीत प्रत्येक रंगास एक बाइट, म्हणजे बिंदूमागे तीन बाइट लागतात; सूक्ष्म नोंदीत प्रत्येक रंगास दोन, म्हणजे एकूण सहा बाइट लागतात.

सहा इंच लांब व चार इंच रुंद असे जुने छायाचित्र दर इंचास ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केले, तर ३,६०० × २,४०० म्हणजे ८६ लक्ष ४० हजार बिंदू होतात. बिंदूमागे तीन बाइट धरल्यास सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. आता १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या चकती-साठ्याशी याची तुलना करून पाहावी. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सर्व मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे, म्हणजे आजच्या मापाने पावणेचार मेगाबाइट, मावत असत. आपले एक घरगुती छायाचित्र ठेवण्यास तसली सात यंत्रे लागली असती.

मग तेच चित्र डिस्कवर दोनतीन मेगाबाइटचे कसे दिसते? त्याचे कारण संक्षेप हे होय. १९९२ साली प्रमाणित झालेल्या ‘जेपेग’ पद्धतीत, डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील गाळून चित्र आवळून ठेवतात. परंतु हे आवळणे केवळ साठवणीपुरते असते. वळकटी बांधलेला बिछाना कोपऱ्यात मावतो, तरी झोपण्यासाठी तो पसरावाच लागतो. तद्वतच चित्रावर काम करण्यासाठी ते पूर्ण उलगडावे लागते.

३. खर्ड्याची जागा

संगणकात जागा दोन प्रकारची असते. एक कामाची स्मृती, म्हणजे ‘रॅम’; ती अतिशय जलद, परंतु थोडी असते आणि वीज जाताच रिकामी होते. दुसरी डिस्क, ती विस्तीर्ण, परंतु तुलनेने मंद असते. काम शक्यतो रॅममध्ये चालते. रॅम अपुरी पडली, की प्रणाली डिस्कवरील मोकळ्या जागेत तात्पुरते टिपण मांडते. कारकून पक्क्या वहीत लिहिण्यापूर्वी जसा कच्चा खर्डा करतो, तसेच हे आहे. म्हणून या जागेस आपण ‘खर्ड्याची जागा’ म्हणू. इंग्रजीतील ‘स्क्रॅच डिस्क’ ती हीच.

खर्डा किती वाढतो, हे हिशेब करून पाहू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र ६,००० × ४,००० बिंदूंचे असते. सूक्ष्म नोंदीत त्यास १४४ मेगाबाइट लागतात. त्यावर पूर्ण आकाराचे नऊ थर चढविले, तर मूळ चित्रासह दहा थरांचे १,४४० मेगाबाइट झाले. शिवाय केलेला बदल मागे घेता यावा म्हणून प्रणाली मागील पायऱ्या जपून ठेवते. संपूर्ण चित्रावर परिणाम करणाऱ्या २० क्रिया एखाद्या थरावर केल्या, तर आणखी २,८८० मेगाबाइट होतात. एकूण झाले ४,३२० मेगाबाइट, म्हणजे सव्वाचार गिगाबाइटांहून अधिक. आणि हे सारे साठवणीत दहा मेगाबाइट दिसणाऱ्या एका चित्रासाठी! शिवाय संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीलाही अशीच मोकळी जागा लागत असते. दोनचार गिगाबाइट का पुरत नाहीत, ते आता स्पष्ट होईल.

४. मापातील एक घोटाळा

२५६ गिगाबाइटची म्हणून विकत आणलेली डिस्क संगणकात लावल्यावर २३८च दाखविते, आणि ग्राहकास आपण फसलो असे वाटते. वस्तुतः येथे दोन मापे आहेत. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार गिगा म्हणजे १०० कोटी. आपल्या देशाची प्रमाण मापे सांभाळणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा नवी दिल्लीत पुसा येथे आहे. तेथील मापनातही गिगाचा अर्थ हाच. डिस्कचे उत्पादक याच मापाने मोजतात. परंतु विंडोजसारखी कार्यप्रणाली १,०२४च्या पटीने मोजते. तिचा गिगाबाइट १०७ कोटी ३७ लक्ष बाइटांहून किंचित मोठा असतो. माप मोठे असल्यामुळे आकडा लहान येतो. त्यात नाहीसे काहीच झालेले नसते.

५. पुसणे म्हणजे काय?

संचिका, म्हणजे ‘फाइल’, पुसली तरी लगेच जागा वाढलेली दिसत नाही, असा पुष्कळांचा अनुभव आहे. याचे कारण, ती प्रथम संगणकातील कचरापेटीत जाते आणि पेटी रिकामी करेपर्यंत तेवढीच जागा व्यापून राहते. पेटी रिकामी केल्यावरही चकतीच्या डिस्कवरील मजकूर तत्काळ नाहीसा होत नाही. केवळ अनुक्रमणिकेतील नोंद खोडली जाते आणि ती जागा नव्या मजकुरास खुली होते. म्हणून एखादे चित्र चुकून पुसले गेले, तर त्या डिस्कवर काहीही नवे न लिहिता ताबडतोब जाणकाराकडे जावे; ते परत मिळण्याचा संभव असतो. चकत्या नसलेल्या, ‘एस.एस.डी.’ नावाच्या नव्या डिस्कमध्ये मात्र मोकळे झालेले कप्पे यंत्र स्वतःच साफ करीत असल्याने हा संभव फार कमी होतो.

डिस्क काठोकाठ भरल्याने वेगही मंदावतो. चकतीच्या डिस्कमध्ये मोकळी जागा तुकड्यातुकड्यांनी विखुरली जाते आणि वाचणाऱ्या टोकास सारखे इकडून तिकडे धावावे लागते. एस.एस.डी.मध्ये नवे लिहिण्यापूर्वी कप्प्यांचा मोठा गट एकदम साफ करावा लागतो. रिकामे कप्पे थोडे उरले, की ही उठाठेव वाढते. तुकडे जुळविण्याची ‘डीफ्रॅग’ क्रिया चकतीच्या डिस्कला उपकारक आहे, एस.एस.डी.ला तिची गरज नाही, उलट जास्तीच्या लेखनाने झीज मात्र होते.

६. जागा मोकळी करण्याचा क्रम

जे पुन्हा निर्माण होऊ शकते ते प्रथम काढावे. जे एकदाच घडले त्यास शेवटी हात लावावा. हे सूत्र ध्यानी ठेवून पुढील क्रमाने जावे.

पहिली पायरी : संस्करणाची प्रणाली बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा. उन्हाळ्यात वीज अचानक गेली किंवा प्रणाली मध्येच कोसळली, तर तिचे खर्डे डिस्कवर तसेच पडून राहतात. विंडोजमध्ये सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ या भागातून अशा तात्पुरत्या संचिका काढता येतात. त्यानंतर कचरापेटी पाहून रिकामी करावी.

दुसरी पायरी : उतरवून घेतलेल्या संचिकांचा ‘डाउनलोड्स’ कप्पा तपासावा. एकदा वापरलेल्या स्थापना-संचिका व जुने चित्रपट येथे साठलेले असतात. वापरात नसलेल्या प्रणालीही काढून टाकाव्यात. मात्र त्यांचा कप्पा हाताने न पुसता, काढण्याची जी रीतसर सोय असते तिचाच उपयोग करावा.

तिसरी पायरी : एकाच चित्राच्या अनेक प्रती शोधाव्यात. फोनवरून आलेले एकच चित्र तीनचार ठिकाणी असते. संचिका आकारमानाप्रमाणे लावून पाहिल्यास मोठ्या चलचित्रफिती चटकन नजरेस येतात. शंभर चित्रे काढून जे साधत नाही, ते एक फीत हलविल्याने साधते.

चौथी पायरी : प्रणालीतच सुधारणा करावी. फोटोशॉपमध्ये मागील पायऱ्यांची संख्या कमी करता येते, ‘पर्ज’ या आज्ञेने साठलेला खर्डा रिकामा होतो, आणि खर्ड्यासाठी दुसरी, अधिक मोकळी डिस्क नेमता येते. प्रणाली उघडतच नसेल, तर विंडोजवर ती सुरू होताना कंट्रोल व ऑल्ट या कळा दाबून धरल्यास डिस्क बदलण्याची संधी मिळते. विनामूल्य मिळणाऱ्या ‘गिम्प’ या प्रणालीतही खर्ड्याचा कप्पा व मागील पायऱ्यांची संख्या ठरविता येते.

पाचवी पायरी : एवढ्याने भागले नाही तरच मूळ छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर हलवावीत. प्रथम नक्कल करावी. संचिकांची संख्या व एकूण आकारमान दोन्हीकडे जुळते का पाहावे. नकलेतील काही चित्रे प्रत्यक्ष उघडावीत. आणि मगच मूळ पुसावे.

७. सावधगिरी

चित्रे संगणकावरून काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवली, म्हणजे ती सुरक्षित झाली असे नव्हे. एकमेव प्रत एका पेटीतून दुसऱ्या पेटीत गेली, इतकेच. डिस्क पडते, तापते, बिघडते. छायाचित्रकारांत रूढ असलेला नियम असा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. दिल्लीतील मुलाने एक डिस्क पुण्याच्या बहिणीकडे ठेवली, तरी शेवटचे कलम पुरे होते.

आंतरजालावरील साठ्याशी जोडलेल्या कप्प्यातून काही पुसले, तर ते सामान्यतः तेथूनही पुसले जाते. तेव्हा अशा कप्प्यास ‘दुसरी प्रत’ समजू नये. विंडोजच्या स्वतःच्या कप्प्यातील अनोळखी संचिका जागा अडवितात म्हणून काढू नयेत. आणि जुने चित्र संस्करण करून पुन्हा पुन्हा जेपेगमध्ये ठेवू नये. दर वेळी तपशील थोडा गळतो. मूळ स्कॅन अस्पर्श ठेवून काम नकलेवर करावे.

८. उपसंहार

जागा संपली, की संगणकच जुना झाला असे समजून नवा घेण्याकडे कल होतो. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर येथे टाकाऊ संगणकांच्या राशी हातांनी मोडल्या जातात. त्यांतील शिसे व धूर यांची झळ मोडणाऱ्यांच्या प्रकृतीस लागते. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत, तेव्हा टाकणे अटळ असेल तर यंत्र नोंदणीकृत केंद्रातच द्यावे, आणि त्यातील डिस्क पूर्णपणे साफ करूनच द्यावी; कारण केवळ नोंद खोडल्याने मजकूर जात नाही, हे आपण पाहिलेच आहे. परंतु पुष्कळदा टाकण्याची वेळ आलेलीच नसते. खर्ड्याला जागा करून दिली, की तोच संगणक पुन्हा कामाला लागतो.

राजा दीनदयाळांच्या काचा सव्वाशे वर्षांनंतरही पाहावयास मिळतात, त्या कोणीतरी नीट लावून ठेवल्या म्हणून. आपल्या चित्रांना वजन नाही, त्यामुळे ती साठतात सहज आणि हरवतातही सहज. काय राखावयाचे हे ठरविण्याचे काम कोणतीही प्रणाली आपल्यासाठी करणार नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर, डिस्कही उघडून पाहावी. नको ते काढावे आणि हवे त्याच्या प्रती मोजाव्यात.