ओढण्याआधी पेलण्याचा हिशेब

अमेरिकेत पिकअप ट्रक विकताना सगळ्यात ठळक सांगितला जातो तो ओढण्याच्या ताकदीचा आकडा: ११,००० पौंड, १३,००० पौंड. ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे जोडायचं चाकांवरचं घर, विकताना मात्र पुढे केला जातो तो सगळ्यात लहान आकडा, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेल्या रिकाम्या ट्रेलरचं वजन. टेक्सस किंवा कॅलिफोर्नियातलं एखादं मराठी कुटुंब मुलांना घेऊन यलोस्टोनच्या वाटेवर असा ट्रेलर जोडून निघायचं ठरवतं, तेव्हा त्यांच्याही हाती हेच दोन आकडे पडतात. ट्रेलर ६,००० पौंडांचा, ट्रक ११,००० पौंड ओढणारा. जवळजवळ दुप्पट ताकद आहे, मग आणखी काय बघायचं, असं कोणालाही वाटेल. माझं म्हणणं असं, की हे दोन्ही आकडे खोटे नसले तरी त्यांच्या भरवशावर खरेदी करणं धोक्याचं आहे. घरगुती वापराच्या बहुतेक पिकअपची ओढण्याची ताकद संपण्याआधी पेलण्याची ताकद संपते, आणि रस्त्यावर येणारा ट्रेलर कधीच रिकामा नसतो. म्हणून हिशेब भरलेल्या ट्रेलरपासून सुरू करावा आणि ट्रकच्या दारावरच्या चिठ्ठीशी ताडून बघावा. जाहिरातीतला आकडा त्यानंतर पाहिला तरी चालतो.

आधी ट्रेलरचं वजन घेऊ. रिकाम्या वजनात पाणी धरलेलं नसतं, सामान नसतं, आणि विक्रेत्याकडे बसवलेली बॅटरीही बऱ्याचदा नसते. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांच्या थोडं वर भरतं. ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच ३३० पौंड, म्हणजे सुमारे १५० किलो वाढले. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ७०-७५ पौंडांच्या. त्यात अंथरुणं-पांघरुणं, खुर्च्या, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, चाकांखाली घालायचे ठोकळे, हत्यारं, आणि आपल्या घरचा कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, तांदूळ-डाळी, आट्याची पिशवी. प्रत्येक वस्तू हलकी वाटते, पण बेरीज हजार पौंडांच्या पुढे सहज जाते. यावर काही जण म्हणतात, आम्ही पाणी भरतच नाही, मुक्कामी पोचल्यावर भरतो. ठीक आहे, पण परतताना सांडपाण्याची टाकी रिकामी करायची सोय प्रत्येक मुक्कामी असतेच असं नाही, आणि तेही पाणीच आहे. ट्रेलरच्या दाराच्या आत एक पिवळी चिठ्ठी असते. तिच्यावर सामानाची कमाल मर्यादा लिहिलेली असते आणि खाली भरलेल्या टाकीतल्या पाण्याचं वजन वेगळं दिलेलं असतं. ती दोन वाक्यं विक्रेत्याच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतात. खरेदीच्या वेळी मात्र अंदाज बांधत बसू नका. ट्रेलरचं कमाल मान्य वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, हेच त्याचं वजन समजा. ६,००० पौंडांच्या रिकाम्या ट्रेलरचं हे वजन ७,६०० पौंड असलं, तर तुमचा ट्रेलर ७,६०० पौंडांचा आहे.

या वजनातला काही भाग ट्रेलरची चाकं पेलत नाहीत. तो हिचमधून, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यातून, थेट ट्रकवर येतो. त्याला टंग वेट म्हणतात, आणि ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. ट्रक वाचवण्यासाठी तो कमी करावा, सामान मागे सरकवावं, असा विचार मनात येतो. तो लगेच सोडून द्यावा. बैलगाडी उलाळ झाली की काय होतं हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं: मागचा भार जू वर उचलतो आणि गाडी ताब्यात राहत नाही. ट्रेलरचंही तसंच होतं, फक्त ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला. पुढचा भार कमी पडला, की वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकमुळे ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, झोका वाढत जातो आणि शेवटी ट्रकलाच फिरवतो. तेव्हा १२-१३ टक्के धरूनच चालायचं. ७,६०० पौंडांच्या १३ टक्के म्हणजे सुमारे ९९० पौंड.

आता ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाची चिठ्ठी दिसेल: वरती किती माणसं बसू शकतात ते, खाली टायरचे आकार आणि त्यांतला हवेचा दाब, आणि मधोमध एक वाक्य, की माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. हा त्या ट्रकचा पेलोड. तो त्या एका वाहनापुरता असतो. त्याच नावाचा, त्याच इंजिनाचा शेजारचा ट्रक काचेचं छत, चामड्याची आसनं, विजेच्या पायऱ्या घेऊन आला असेल तर त्याचा पेलोड दोन-चारशे पौंडांनी कमी असू शकतो. समजा चिठ्ठीवर १,५०० पौंड आहेत. आईवडील आणि दोन मुलं मिळून ५३० पौंड. ड्रायव्हरही यात धरायचा. वजन विभागणारा हिच ९० पौंड. मागच्या हौद्यात सायकली, लाकडं, बर्फाची पेटी आणि हौद्यावर नंतर बसवलेलं झाकण, असे १९० पौंड. हे झाले ८१०. ट्रेलरच्या टंगसाठी उरले ६९० पौंड, आणि लागतात ९९०. म्हणजे ३०० पौंडांची तूट आहे. उलटा हिशेब केला तर जास्त डोळे उघडतात: ६९० पौंड हे १३ टक्के धरले, तर हा ट्रक या कुटुंबासह फार तर ५,३०० पौंडांचा भरलेला ट्रेलर नेऊ शकतो. ट्रक तोच, ११,००० पौंडवाला. आणि समोरचा ट्रेलर रिकामाच ६,००० पौंडांचा आहे.

मग ११,००० हा आकडा कंपनीने कुठून आणला? तो हवेतून आलेला नाही. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक २००८ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालं, आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी ते स्वीकारलं. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा ११.४ मैलांचा चढ गृहीत धरलेला आहे. बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट तापमान, एसी पूर्ण सुरू, आणि वेग ४० मैलांखाली येऊ द्यायचा नाही. ही कसोटी कडक आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तीत ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात आणि टंग वेट ट्रेलरच्या १० टक्के. ११,००० चे १० टक्के ११००, माणसं ३००, हिच १००. आपल्या उदाहरणातले १,५०० पौंड तिथेच संपतात. मागच्या आसनावर मुलं नाहीत, हौद्यात सायकल नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक मिळून किती ओढू-थांबवू शकतात या प्रश्नाचं ते उत्तर आहे. तुमच्या कुटुंबाचा प्रश्न वेगळा आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो उपायांचा. मागे हवेच्या पिशव्या किंवा जाड स्प्रिंग बसवल्या की ट्रक बसत नाही, असं सांगतात. ट्रकचं बूड उचललं जातं हे खरं, पण एक्सल, बेअरिंग, टायर, चाकं आणि ब्रेक तेच राहतात. चिठ्ठीवरचा आकडा एका पौंडाने वाढत नाही. सरळ उभा दिसणारा ट्रक उलट धोका झाकतो. वजन विभागणाऱ्या हिचचं तसं नाही. तो खरोखर कामाचा आहे. तो मागच्या एक्सलवरचा थोडा भार पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे वळवतो, त्यामुळे स्टिअरिंगची पकड सुधारते. तो अवश्य वापरावा. मात्र तो ३०० पौंडांची तूट भरून काढेल असं धरून सौदा करू नये. ‘हाफ-टन टोएबल’, म्हणजे हलक्या वर्गातल्या पिकअपने ओढता येईल असा, हे ट्रेलरवरचं लेबलही असंच: त्याला ठरलेली व्याख्या नाही, आणि तुमच्या घरातली माणसं किती आहेत हे ते लावणाऱ्याला माहीत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो अनुभवाच्या नावाने येतो: आम्ही वर्षानुवर्षं असंच नेतोय, काही झालं नाही, कंपन्या मर्यादा ठरवताना हातचं राखतातच. राखत असतीलही, पण किती राखलं आहे ते तुम्हाला कळवलेलं नाही, आणि सपाट रस्त्यावर थंड सकाळी त्याची परीक्षाही होत नाही. परीक्षा होते ती कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर. त्यावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे तिथे पोचेपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. पण चढावर फार तर वेग कमी होतो. खरी भीती पलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरणाऱ्या ७ टक्क्यांच्या उताराची. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी तिथे रस्त्याकडेला सुटका-मार्ग बांधून ठेवले आहेत ते उगाच नाही. मर्यादेबाहेर लादलेल्या ट्रकचे टायर आणि ब्रेक आधीच तापलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी समोर येतं किंवा टायर फुटतो. मर्यादा त्या एका क्षणासाठी असते. वेगाचाही इथे थेट संबंध आहे: ६५ मैलांवरून ५५ वर आलात तर थांबवायची ऊर्जा २८ टक्क्यांनी कमी होते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ५५ मैलांचीच मर्यादा आहे. पण कमी वेग हा जादा वजनावरचा उतारा नव्हे. वजन मर्यादेत असतानाही तो पाळायचा असतो.

तिसरं म्हणणं असं, की मग सरळ मोठा डिझेल ट्रकच घ्यावा. तेही डोळे मिटून करू नये. डिझेल इंजिन स्वतःच जड असतं. पाऊण टनी म्हणवल्या जाणाऱ्या, एकूण मर्यादा १०,००० पौंडांवर बांधलेल्या डिझेल ट्रकच्या दारावर कधीकधी २,००० पौंडांच्या आसपासचाच पेलोड निघतो. त्याच वर्गातला पेट्रोल इंजिनाचा ट्रक त्याहून जास्त पेलतो. शिवाय वर्षातले बहुतेक दिवस तो ट्रक ट्रेलरशिवाय, शाळा-बाजाराच्या फेऱ्यांसाठीच चालणार. म्हणून माझा सल्ला उलट दिशेचा आहे. ट्रक आधीच घरात असेल तर अंथरूण पाहून पाय पसरावे: चिठ्ठीवरचा आकडा घ्या, माणसं, हिच आणि हौद्यातलं सामान वजा करा, उरलेल्याला ०.१३ ने भागा, आणि ज्याचं कमाल मान्य वजन त्या उत्तराच्या आत आहे असाच ट्रेलर बघा. दोन्ही घ्यायचे असतील तर ट्रेलर आधी ठरवा, ट्रक नंतर. आणि ट्रकचं माहितीपत्रक बाजूला ठेवून जो ट्रक घरी येणार त्याचंच दार उघडून चिठ्ठी वाचा. मागच्या एक्सलची, टायरची आणि हिचवर लिहिलेली मर्यादाही त्याच वेळी टिपून घ्या. सगळ्यांत लहान आकडा तुमचा मालक.

हे सगळं कागदावरचं झालं. खात्री वजनकाट्यावरच होते, आणि अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल थोड्या पैशांत ती सोय देतं. पहिल्या सहलीआधी पाणी, सामान, मुलं यांसह निघायच्या तयारीने तिथे जा. पुढची चाकं पहिल्या पाटावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर अशी उभी करा, हिचच्या दांड्या सैल ठेवा, बटण दाबून काट्यावरच्या माणसाला सांगा, आणि तिन्ही वजनांची पावती घ्या. मग बाजूला ट्रेलर सोडून, माणसं-सामान न उतरवता, नुसता ट्रक पुन्हा तोला. एकूण वजनातून नुसता ट्रक वजा केला की ट्रेलरचं खरं वजन मिळतं. ट्रेलर जोडलेला असताना ट्रकच्या दोन्ही एक्सलवर आलेल्या वजनातून नुसता ट्रक वजा केला की टंग वेट. ट्रकच्या आणि ट्रेलरच्या चिठ्ठ्या त्या पावतीशेजारी ठेवून ताडून पाहा. आकडे जुळले तर निश्चिंत निघा. नाही जुळले तर सामान उतरवा, टाकी रिकामी करा. तेवढ्यानेही भागत नसेल तर ट्रेलर बदला. शक्य असेल तर हा काटा सौदा करायच्या आधीच गाठा, कारण सही झाल्यावर हा हिशेब महागात पडतो आणि घाटात तो चुकला तर त्याची किंमत मागे बसलेली मुलं मोजतात.