आधी तवा घे

सातारा,
रविवार

चि. निखिल यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

नव्या घराच्या ओट्याचा फोटो पाहिला. ओटा ऐसपैस आहे, उजेडही भरपूर. सोबत नॉनस्टिकच्या बारा भांड्यांच्या सेटची जाहिरात पाठवून ‘घेऊ का?’ असं विचारलंस. घेऊ नकोस. तुम्ही दोघंही रोज घरी रांधणार आहात आणि भांडी एकदा घरात आली की वर्षानुवर्षं हलत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेटमधली सगळी भांडी एकाच धातूची असतात. आपल्या घरात मात्र पोळी कोरड्या तव्यावर भाजतात, आमटीत चिंच किंवा आमसूल पडतं, पिठलं ढवळत राहावं लागतं, दूध तळाला धरतं, भज्यांना एकसारखं तापलेलं तेल लागतं. एवढी निरनिराळी कामं एका धातूकडून नीट होत नाहीत. म्हणून आधी पदार्थ डोळ्यांपुढे आण आणि मग धातू ठरव. शिवाय सेटमधली दोन-तीन भांडी हमखास माळ्यावर जातात. पैसे मात्र बाराही भांड्यांचे जातात.

पहिली खरेदी तव्याची कर. पोळीसाठी लोखंडी तवा, निदान तीन मिलीमीटर जाडीचा. पातळ तवा भराभर तापतो आणि तितकाच भराभर निवतो. पहिली पोळी करपते, तिसरी कच्ची राहते आणि दोष कणकेला मिळतो. धिरडी, घावन, आंबोळी, थालीपीठ यांच्यासाठी बिडाचा तवा वेगळा ठेव. बीड जड असतं. ते सावकाश तापतं, पण एकदा तापलं की गार पीठ पडलं तरी निवत नाही. म्हणून त्यावरच्या आंबोळीला जाळी पडते आणि थालीपिठाची कड खुसखुशीत होते. मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं तापू दे, घाई करू नकोस.

बिडाचा तवा नवा आणलास की पहिले काही दिवस चिकटेल. तेवढ्यावरून त्याला नावं ठेवू नकोस. धुऊन लगेच कोरडा कर, तेलाचा अगदी पातळ हात फिरव, धूर येईपर्यंत तापव, निवू दे. असं चार-पाच वेळा कर. तापलेलं तेल धातूवर बदलून त्याचा एक टणक, काळसर थर बसतो. तो थरच पुढे चिकटू देत नाही. तेल जास्त लावलंस तर तो थर चिकट होतो, म्हणून लावून झालं की फडक्याने पुसून घे. रोजच्या धुण्यात थोडा साबण चालतो. पण तवा पाण्यात भिजत घालू नकोस आणि तारेच्या घासणीने खरवडू नकोस. कामाला मावशी येत असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी हे नीट समजावून सांग, नाहीतर त्या बिचाऱ्या आपलेपणाने तो चकचकीत घासून ठेवतील.

त्यानंतर कढई. भाजी परतायला आणि तळायला लोखंडी कढईसारखं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. मेथी, भेंडी, बटाट्याच्या काचऱ्या त्यात करून बघ. आंबट पदार्थ मात्र त्यात शिजवू नकोस. लोखंड आंबटात उतरतं, रस्सा काळा पडतो आणि तोंडात धातूची चव येते. उतरलेल्या लोहाचा शरीराला उपयोग होतो हे खरं आहे, पण तेवढ्यासाठी टोमॅटोचं सार बिघडवायचं कारण नाही. भाजी झाली की ती दुसऱ्या भांड्यात काढून घे. कढईत तशीच राहिली तर वांगं तासाभरात शाईच्या रंगाचं होतं.

आमटी, सार, कढी, कोशिंबिरीची फोडणी, टोमॅटोच्या भाज्या हे सगळं स्टीलमध्ये कर. आंबटाने स्टीलचं काही बिघडत नाही. स्टीलचा दोष वेगळा आहे, तो मी शाळेत विज्ञान शिकवताना आकड्यांनी सांगत असे: तांबं स्टीलच्या सुमारे २५ पट उष्णता वाहतं आणि ॲल्युमिनियम सुमारे १५ पट. स्टीलच्या पातळ पातेल्यात ज्योत जिथे लागते तिथलीच जागा तापते, उष्णता बाजूला पसरत नाही. म्हणून खिरीला खाली डाग पडतो आणि वर दूध कोमटच राहतं. यावर उपाय म्हणजे तीन थरांचं भांडं, दुकानात ज्याला ट्रायप्लाय म्हणतात: आत स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर पुन्हा स्टील. यात एक मेख आहे. काही भांड्यांत मधला थर फक्त तळाला चकतीसारखा बसवलेला असतो, काहींत तो कडांपर्यंत चढलेला असतो. आमटीला तळाची चकती पुरते. मसाला परतायचा असेल, बासुंदी आटवायची असेल, तर कडांपर्यंत थर असलेलं घे. महाग पडेल, पण असं एकच घे. आतल्या स्टीलवर १८/८ असा शिक्का बघ. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं.

स्टीलला पोहे चिकटतात अशी तक्रार मृणाल करेल. तिला सांग, रिकामी कढई मध्यम आचेवर तापवायची आणि पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब चरचरून आटला तर थांबायचं. मोत्यासारखा घरंगळत पळाला की आच कमी करून तेल घालायचं आणि लगेच मोहरी टाकायची. एवढं केलं की निम्मी तक्रार मिटते.

तुमच्याकडे गॅसच्या जोडीला इंडक्शनही आहे, म्हणून दुकानात जाताना फ्रिजवरचं एक चुंबक खिशात टाक. भांड्याच्या तळाला ते घट्ट चिकटलं तरच ते भांडं इंडक्शनवर चालेल. निव्वळ ॲल्युमिनियम, तांबं, पितळ तिथे तापणार नाही. बीड आणि लोखंड चालतं, पण तळ सपाट हवा. पोळीचा खोलगट तवा गॅसवरच राहू दे.

आता तुझ्या त्या नॉनस्टिकबद्दल. त्यावरच्या लेपाचा शोध १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला शीतकरणाच्या वायूंवर काम करताना अचानक लागला. लेप खाल्ला जाईल याची लोकांना फार भीती वाटते. माझी काळजी तापमानाची आहे. साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे तो लेप बिघडायला लागतो, आणि मोठ्या आचेवर ठेवलेला रिकामा तवा काही मिनिटांतच त्यापुढे जातो. फार तापलेल्या लेपाच्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मेल्याच्या नोंदी आहेत. शेजारच्या काकूंचा पोपट तुझ्याच गॅलरीत येऊन बसतो, हे लक्षात ठेव. अंड्यासाठी लहान असं एक नॉनस्टिक पॅन पुरे. मंद आच, लाकडी उलथणं, त्यात फोडणी कधी नाही. आणि लेपाला चरे पडले की मोह न ठेवता टाकून दे.

ॲल्युमिनियमला लोक उगाच विष म्हणतात. पाणी तापवायला, बटाटे उकडायला ते उत्तम आहे. आंबट आणि फार खारट पदार्थ त्यात शिजवून ठेवू नयेत, एवढंच पथ्य. कुकर कोणताही घे, पण आयएसआय शिक्का पाहूनच.

पितळेचं पातेलं मात्र नक्की घे, आत्ता नाही, वर्षभराने. पुरण शिजवायला, साखरेचा पाक करायला, गुळांबा आटवायला त्याच्याइतकी एकसारखी आच स्टीलमध्ये मिळत नाही. तुझ्या आजीच्या पुरणाची आठवण तुला अजून येते, त्यात त्या पातेल्याचा वाटा मोठा होता. मात्र आतून कल्हई हवीच. ताक, चिंच, लिंबू उघड्या पितळेला लागलं तर तांबं अन्नात उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. कल्हई म्हणजे कथलाचा थर. भांडं तापवून, नवसागर टाकून तो कापसाने आतून फिरवतात. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही. आत पिवळा धातू डोकावू लागला की पुन्हा कल्हई करून घ्यायची. तू पुण्यातच आहेस, तर कसब्यातल्या तांबट आळीत एकदा जाऊन ये. तिथे अजून हातोडीने ठोकून तांब्या-पितळेची भांडी घडवतात. त्या ठोकण्याला मठारकाम म्हणतात. भांड्यावरचे ते ठसे शोभेपुरते नसतात, ठोकल्याने मऊ धातू कणखर होतो. तिथेच कल्हईचीही चौकशी कर.

दुकानात भांडं एका हाताने उचलून बघ. त्यात पाणी भरलंय असं समजून मृणाललाही उचलू दे. तुम्हा दोघांपैकी एकाला जरी जड झालं, तर कितीही चांगलं असलं तरी ठेवून दे. तळ तुमच्या बर्नरपेक्षा फार मोठा नको. मूठ रिव्हेटने बसवलेली असावी. स्क्रूची मूठ सैल होते आणि गरम तेलाच्या कढईची मूठ हलणं धोक्याचं असतं. झाकण घट्ट बसतं का, हेही तिथेच बघून घे.

वास्तुशांतीला पाहुणे भांडीच आणणार. जो विचारेल त्याला संकोच न करता सांग: बिडाचा तवा, किंवा तीन थरांचं झाकणासह पातेलं. लोखंडी कढई कुणाला सांगू नकोस आणि तूही घेऊ नकोस. माझी वापरातली, तयार झालेली कढई मी तुमच्यासाठी घेऊन येते आहे.

तुझी,
आत्या